आयईएलटीएसचा निबंध आणि आपल्या घरातली मुले



गेल्या महिन्यात आपल्या मंडळाचे एक सभासद संध्याकाळी आमच्याकडे आले. हातात मुलाची गुणपत्रिका आणि बँकेची अर्धवट भरलेली कर्जाची फाईल. चेहरा उतरलेला. ‘‘काका, ऐकण्यात सात, वाचनात साडेसहा, बोलण्यात सहा. एकूण साडेसहा झाले. मग अडलं कुठे?’’ असे त्यांनी विचारले. आम्ही कागद पाहिला. लेखनात साडेपाच होते. विद्यापीठाच्या पत्रात एकूण साडेसहा आणि कोणत्याही विभागात सहापेक्षा कमी नको, अशी अट होती. अर्ध्या गुणावर प्रवेश अडला होता. परीक्षेचे अठरा हजारांच्या आसपास शुल्क, क्लासची फी आणि सत्र हुकण्याची भीती, हे सगळे त्या अर्ध्या गुणाच्या पाठी उभे होते.

आम्ही बँकेत तीन दशकांहून अधिक काळ नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे कर्ज विभागात गेली. आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक नाही, साधे बीकॉम आहोत. पण शैक्षणिक कर्जाच्या फायली हाताखालून गेल्यामुळे आणि निवृत्तीनंतर सभासदांची मुले सल्ल्यासाठी येत असल्यामुळे एक गोष्ट वारंवार दिसते. मुलांचे ऐकणे, वाचणे, बोलणे निभावते. गाडी अडते ती निबंधावर. आयईएलटीएसकडून प्रसिद्ध होणाऱ्या आकडेवारीतही बहुतेक देशांच्या उमेदवारांची सरासरी लेखनातच सर्वांत कमी असते आणि भारत त्याला अपवाद नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत परदेशांनी नियम बदलल्यामुळे हा निबंध पूर्वीपेक्षा महाग झाला आहे. म्हणून हा लेख.

नियम कसे बदलले

कॅनडाने २०१८ मध्ये भारतासह काही देशांतील विद्यार्थ्यांसाठी एसडीएस नावाची जलद व्हिसा योजना सुरू केली होती. ठरावीक रक्कम कॅनडातील बँकेत ठेवायची, आयईएलटीएसमध्ये सहा आणायचे, फी भरायची, की काही आठवड्यांत निकाल. गुजरात आणि पंजाबमधल्या क्लासचा मोठा धंदा याच योजनेवर उभा राहिला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ही योजना बंद झाली. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर केली. सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ डॉलर आहे. यात फी आणि विमानभाडे धरलेले नाही.

आपल्या लोकांच्या लक्षात न आलेला बदल मात्र वेगळाच आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडात शिक्षण संपवून कामाचा परवाना मागणाऱ्या विद्यार्थ्याला पुन्हा भाषेची परीक्षा दाखवावी लागते. विद्यापीठाच्या पदवीधराला जी पातळी लागते ती आयईएलटीएसच्या हिशेबात चारही विभागांत सहा अशी आहे. त्यासाठी जनरल ट्रेनिंग प्रकारची परीक्षा लागते. प्रवेशासाठी दिलेली ॲकॅडेमिक परीक्षा तिथे चालत नाही. दोन्ही प्रकारांत पहिला प्रश्न निराळा असतो. ॲकॅडेमिकमध्ये आलेख किंवा तक्त्याचे वर्णन करायचे असते, जनरलमध्ये पत्र लिहायचे असते. दुसरा प्रश्न मात्र दोन्हीकडे निबंधाचाच. म्हणजे इथून कसाबसा निबंध पार करून गेलेल्या मुलाला दोन वर्षांनी, सगळे कर्ज उचलून झाल्यावर, पुन्हा निबंध लिहायचा आहे. गुणपत्रिकेची मुदतही दोनच वर्षे असते.

ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठीची अट साडेपाचवरून सहावर आणि शिक्षणानंतरच्या व्हिसासाठी सहावरून साडेसहावर नेली. ब्रिटनने ८ जानेवारी २०२६ पासून कुशल कामगार व्हिसासाठी इंग्रजीची पातळी बी१ वरून बी२ केली. तिन्ही देशांत राज्यकर्ते निराळे, कारणे थोडी निराळी, पण घरांची टंचाई आणि स्थलांतराविरुद्धचे जनमत सगळीकडे आहे. सरकारला आकडे कमी करायचे असले की भाषेची अट वाढवणे सोपे जाते. त्यावर कोणी फारसा आक्षेप घेत नाही. ही अट येत्या काही वर्षांत सैल होईल असे मानून कोणी हिशेब मांडू नये.

संशयाची एक बाजू

याला आपल्या राज्यातली एक घटनाही कारण आहे. एप्रिल २०२२ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवरील सेंट रेजिस नदीत बुडणाऱ्या नावेतून काही भारतीय तरुणांना वाचवून ताब्यात घेण्यात आले. त्यांतले काही उत्तर गुजरातचे होते. त्यांना न्यायालयात इंग्रजीत उत्तरे देता येईनात, दुभाषा बोलवावा लागला. कॅनडाच्या व्हिसासाठी दाखवलेले त्यांचे आयईएलटीएसचे गुण मात्र चांगले होते. त्यावरून मेहसाणा पोलिसांनी परीक्षेतल्या गैरप्रकाराचा तपास सुरू केला. आपल्या मंडळातल्या मुलांचा अशा प्रकाराशी काही संबंध नाही. तरी अशा बातमीचा भार त्याच राज्यातून अर्ज करणाऱ्या प्रामाणिक मुलावरही पडतो. व्हिसा अधिकारी मुलाखतीत दोन प्रश्न जास्त विचारतो, उद्देशाचे निवेदन बारकाईने वाचतो. गुण कागदावर असून भागत नाही, तोंडी आणि लेखी दाखवताही यावे लागतात.

क्लासमधला साचा

आता त्या सभासदांच्या मुलाचे काय झाले ते सांगतो. आम्ही त्याला म्हटले, ‘‘बाळा, परीक्षेत लिहिलास तसा एक निबंध आत्ता लिहून दाखव.’’ त्याने पहिली चार वाक्ये न थांबता लिहिली. आजच्या आधुनिक युगात हा विषय चर्चेचा झाला आहे, या विषयाला नाण्यासारख्या दोन बाजू आहेत, हे दुधारी शस्त्र आहे, या निबंधात मी दोन्ही बाजू मांडणार आहे. सगळे इंग्रजीत आणि बिनचूक. पाचव्या वाक्यापासून, म्हणजे स्वतःचे म्हणणे सुरू झाले तिथून, पेन अडखळले. क्लासमध्ये त्याला साचा दिला होता आणि कोणत्याही विषयावर तो चालतो असे सांगितले होते. त्या क्लासचे नाव घेण्याचे कारण नाही. असे साचे गल्लोगल्ली विकले जातात.

परीक्षक दर आठवड्याला शेकडो निबंध वाचतात. हा साचा त्यांना पहिल्या ओळीतच कळतो. आयईएलटीएसच्या जाहीर गुणनिकषांतच लिहिले आहे की उत्तर संपूर्णपणे पाठ केलेले असल्याचा पुरावा असेल तर शून्य बँड द्यावा. अर्धे पाठ आणि अर्धे स्वतःचे असेल तर शून्य मिळत नाही, पण पाठ केलेल्या भागाचे श्रेय मिळत नाही आणि उरलेला भाग आणखी उघडा पडतो. शेजारी-शेजारी दोन माणसांचे इंग्रजी दिसते.

गुण कशाला मिळतात

लेखनासाठी एकूण साठ मिनिटे असतात. पहिल्या प्रश्नाला किमान १५० शब्द आणि सुमारे वीस मिनिटे, निबंधाला किमान २५० शब्द आणि सुमारे चाळीस मिनिटे. निबंधाचे वजन पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट आहे. तरी पुष्कळ मुले आलेखावर तीस-पस्तीस मिनिटे घालवतात आणि निबंध अर्धवट सोडतात. दुप्पट व्याज देणारी ठेव सोडून बचत खात्यात पैसे ठेवण्यासारखे हे आहे.

निबंधाचे गुण चार निकषांवर सारखे विभागलेले असतात. पहिला, विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण उत्तर दिले का. दुसरा, मांडणी सलग आहे का, एक मुद्दा दुसऱ्याला जोडला आहे का. तिसरा, शब्दसंपत्ती. चौथा, व्याकरणाची विविधता आणि अचूकता. आपल्या घरांत तयारी म्हणजे तिसरा निकष असे समजतात. अवघड शब्दांच्या याद्या पाठ होतात. परंतु निम्मे गुण पहिल्या दोन निकषांचे आहेत आणि ते विचारांचे आहेत. विचार मराठीत केला काय, गुजरातीत केला काय, तो नीट असला तर इंग्रजीत उतरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, प्रश्न असा आहे: शहरांच्या जुन्या भागात खासगी वाहनांना बंदी घालावी, या मताशी तुम्ही कितपत सहमत आहात? साच्यातला निबंध म्हणेल की वाहनांमुळे प्रदूषण होते, पण वाहने सोयीचीही आहेत, म्हणून समतोल साधावा. यात ‘कितपत’ या प्रश्नाचे उत्तरच नाही. आता मांडवीत लहानाचा मोठा झालेला मुलगा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले काय लिहील? रस्ते अरुंद आहेत, चार दरवाजांच्या आतला भाग मोटारींसाठी बांधलेलाच नाही, म्हणून चारचाकींवर दिवसा बंदी हवी. पण तिथे दुकाने आहेत, माल पहाटे उतरला पाहिजे, आणि म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात आली पाहिजे. म्हणून मी बहुतांशी सहमत आहे, या दोन सवलतींसह. हे झाले उत्तर. यात भूमिका आहे, कारण आहे, उदाहरण आहे आणि मर्यादाही आहे. शब्द सगळे आठवीच्या पुस्तकातले आहेत.

आम्हाला यात नवे काही वाटले नाही. बँकेत कर्जाची शिफारस लिहिताना आम्ही हेच करत होतो. पहिल्या परिच्छेदात प्रस्ताव काय आणि आमची शिफारस काय. मग कारणे, प्रत्येक कारणाला आकडा किंवा पुरावा. मग जोखीम आणि तिच्यावर उपाय. शेवटी शिफारस, अटींसह. ‘दोन्ही बाजू विचारात घ्याव्यात’ असे लिहून फाईल वर पाठवली असती तर साहेबांनी ती परत आपटली असती. बँकांच्या भरती परीक्षांत आजही इंग्रजी लेखनाचा वर्णनात्मक भाग असतो, तो याच कारणासाठी.

आपल्या मुलांच्या नेहमीच्या चुका

आपल्या मुलांची स्थिती जरा निराळी आहे. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी, मोबाईलवर हिंदी. चार भाषा येणे ही संपत्तीच आहे, पण चुकाही त्यातूनच येतात. मराठीत आणि गुजरातीत ‘ए’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून मुले ती गाळतात किंवा नको तिथे घालतात. ‘विषयाबद्दल चर्चा’ मनात असल्यामुळे ‘डिस्कस अबाउट’ लिहितात. ‘परत आलो’ म्हणून ‘रिटर्न बॅक’. ‘आहे’ सगळीकडे असल्यामुळे ‘आय ॲम हॅविंग’. ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ची जोडवाक्ये इंग्रजीत तशीच उतरवली की वाक्य लांबते आणि कर्ता हरवतो. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’ लावले म्हणजे मांडणी सलग झाली असा एक गैरसमजही आहे. जोडणारा शब्द मुद्दे जोडत नाही, मुद्दा मुद्द्याला जोडतो.

यावर उपाय साधा आहे. मुलाने आपले दहा निबंध तपासून घ्यावेत आणि चुकांची एक वही करावी. पाच-सहा चुकाच पुन्हा पुन्हा सापडतील. परीक्षेत शेवटची पाच मिनिटे फक्त त्याच चुका शोधण्यासाठी ठेवावीत.

तयारी कशी करावी

आम्ही मुलांना सुचवतो ते असे. परीक्षेआधी किमान तीन महिने हातात हवेत. रोज एका इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख वाचावा आणि लेखकाची भूमिका काय, कारणे कोणती, हे तीन ओळींत मराठीत किंवा इंग्रजीत सांगावे. सांगता येत नसेल तर वाचलेले समजलेले नाही. आठवड्यात दोन निबंध घड्याळ लावून लिहावेत. पाच मिनिटे विचार आणि मुद्दे, तीस मिनिटे लेखन, पाच मिनिटे तपासणी. चार परिच्छेद पुरतात आणि २६० ते २९० शब्द पुरेसे होतात. चारशे शब्द लिहिण्याने गुण वाढत नाहीत, चुका वाढतात.

प्रश्न दोनदा वाचावा. मत विचारले आहे, दोन्ही बाजू आणि मत विचारले आहे, फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का असे विचारले आहे, की समस्येची कारणे आणि उपाय विचारले आहेत? चारही ठिकाणी उत्तराची रचना बदलते. संगणकावर परीक्षा देणार असेल तर टंकलेखनाचा सराव हवा. मोबाईलवर अंगठ्याने लिहिणाऱ्या मुलाला चाळीस मिनिटांत २७० शब्द टाईप करणे जड जाते.

परीक्षेची निवडही विचारपूर्वक करावी. पीटीईमध्ये निबंध वीस मिनिटांचा आणि २०० ते ३०० शब्दांचा असतो. टोफेलने जुलै २०२३ मध्ये अर्ध्या तासाचा स्वतंत्र निबंध काढून दहा मिनिटांचे चर्चालेखन आणले आणि जानेवारी २०२६ पासून परीक्षेचे स्वरूप पुन्हा बदलले आहे. त्यामुळे थोरल्या भावंडाची जुनी पुस्तके उपयोगी पडतील असे गृहीत धरू नये. विद्यापीठ आणि त्या देशाचे व्हिसा खाते, दोघांनाही कोणती परीक्षा चालते हे आधी त्यांच्या अधिकृत माहितीत पाहावे. आयईएलटीएसमध्ये संगणकावर परीक्षा देणाऱ्याला साठ दिवसांच्या आत एकाच विभागाची फेरपरीक्षा देण्याची सोय आहे. लेखनात अडलेल्यांना ती उपयोगी आहे, पण अशी गुणपत्रिका सर्वच ठिकाणी चालतेच असे नाही. आधी विचारून घ्यावे.

पालकांना बँकेच्या बाजूने दोन शब्द

मुलाचा निबंध कच्चा असेल तर त्याला कर्जाच्या फाईलमधला धोका समजावे. परदेशातील शिक्षणाचे कर्ज बहुधा साडेसात लाखांच्या पुढे जाते आणि मग घर किंवा ठेव तारण द्यावी लागते. हप्ते अभ्यासक्रमानंतर साधारण वर्षभराने सुरू होतात. तोवर मुलाला काम मिळेल या भरवशावर बाप सही करतो. आता कॅनडासारख्या ठिकाणी कामाचा परवानाच भाषेच्या गुणांवर अडू शकतो. म्हणजे दांडियाबाजारातल्या वडिलोपार्जित घराचे तारण एका अर्थाने मुलाच्या लेखनाच्या बँडवरही उभे आहे. म्हणून घाईने सत्र गाठण्यापेक्षा सहा महिने थांबून पाया पक्का करणे हा तोटा नाही. सहा महिने उशिरा गेलेली मुले मार्गी लागलेली आम्ही पाहिली आहेत. घाईने गेलेल्यांचे हप्ते वडिलांच्या पेन्शनमधून जातानाही पाहिले आहेत.

आणि मुलाला साडेपाच मिळाले म्हणून घरात बोलणी देऊ नयेत. या परीक्षेवर रास्त टीकाही आहे. चाळीस मिनिटांत अनोळखी विषयावर लिहिलेल्या निबंधावरून यंत्रशास्त्र शिकायला निघालेल्या मुलाची लायकी ठरत नाही. दर दोन वर्षांनी पुन्हा शुल्क भरायला लावणे हाही व्यवसायच आहे. हे सगळे खरे. पण नियम आपल्या हातात नाहीत, तयारी आहे.

मंडळ काय करू शकते

परदेशी शिक्षण बडोद्याला नवे नाही. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेव्हा संस्थानाने पैसा दिला. आज घरे आपला पैसा लावतात. मंडळ शिष्यवृत्ती देऊ शकणार नाही, पण वेळ देऊ शकते.

आपल्याकडे निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, आमच्यासारखे बँकवाले आहेत. आम्ही कार्यकारिणीला एक सूचना केली आहे. वाचनालयाच्या खोलीत दर रविवारी सकाळी दोन तास मुलांनी बसावे. पहिला तास एका विषयावर मराठीत वाद घालावा. भूमिका घ्या, कारण द्या, समोरच्याचे खोडा. दुसऱ्या तासात त्याच विषयावर इंग्रजीत निबंध लिहावा आणि आम्ही तो तपासावा. फी नाही. गणेशोत्सवातली वक्तृत्व स्पर्धा आपण वर्षातून एकदा करतो. त्यातलीच ही तालीम, फक्त दर आठवड्याला आणि कागदावर.

त्या सभासदांचा मुलगा आता रोज संध्याकाळी आमच्याकडे येतो. पहिल्या आठवड्यात आम्ही त्याला इंग्रजी लिहूच दिले नाही. ‘‘तुझं मत काय ते मराठीत सांग,’’ एवढेच विचारत राहिलो. तिसऱ्या दिवशी तो चिडून म्हणाला, ‘‘काका, मला मतच नाहीये!’’ आम्ही म्हटले, ‘‘हेच तर शिकायचं आहे.’’ काल त्याने जुन्या भागातल्या वाहनबंदीवर निबंध लिहिला. उपपदांच्या सात चुका होत्या. पण मत त्याचे स्वतःचे होते, आणि रिक्षाचा मुद्दा आजीच्या दवाखान्याच्या फेऱ्यांवरून त्यालाच सुचला होता. फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

ज्यांच्या घरात कोणी या परीक्षेची तयारी करत असेल त्यांनी मुलाने लिहिलेला एक निबंध घेऊन मंडळाच्या कार्यालयात रविवारी सकाळी भेटावे. तपासण्यासाठी लाल पेन आम्ही आणू.